सहानंतर पाणी नाही

“संध्याकाळी सहानंतर पाणी कमी,” नूपुर म्हणाली, आणि माझ्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली. पर्स उचलायला ती वाकली, मी वाकले, शेजारी बसलेले माझे यजमान शरच्चंद्रही कंबर धरून वाकायला लागले, आणि तिघांनी मिळून टेबलाखालून चष्म्याचं घर, हातरुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या गोळा केल्या. त्या गडबडीत माझ्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, हे बरं झालं. कारण हे वाक्य माझं होतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी, गिरगावातल्या आमच्या खोलीत, मी माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, “अप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय, सहानंतर पाणी नाही.” डॉक्टरांनी तसलं काहीही सांगितलेलं नव्हतं. मी ते मनानेच ठोकून दिलं होतं. आणि आता परळच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक शिकलेली मुलगी तेच वाक्य मला उपचार म्हणून सांगत होती.

मी इथे आले होते ती झोपेसाठी. खरं म्हणजे लघवीसाठी. पण एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा तो शब्द काउंटरवरच्या बाईंसमोर तोंडातून निघेना, म्हणून मी झोप म्हटलं. तेही खोटं नव्हतं. रात्री चार वेळा उठते, कधी पाच, आणि एकदा उठले की पुन्हा डोळा लागत नाही. दादरमध्ये स्त्रियांसाठी बरं स्वच्छतागृह कुठे आहे हे मला विचारावं. नाटकाला मी कडेची खुर्ची घेते. मुलगा सौमित्र बंगळूरला बोलावून थकला. रात्रभराचा प्रवास म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढते. मोठ्या डॉक्टरांनी साखर पाहिली, रक्त पाहिलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक निघालं. मी म्हटलं, मग एखादी गोळी द्या. ते म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी सवयी बदलू, आणि मला नूपुरकडे पाठवून दिलं. मला हसूच आलं. चौतीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली, एकदा लेट मार्क नाही, आणि माझ्या सवयी आता ही तिशीतली मुलगी बदलणार होती.

पण मुलगी पक्की होती. रात्री साडेअकराच्या आत गादीला पाठ टेकायची नाही. पहाटे साडेपाचला उठायचंच, झोप झालेली असो वा नसो. दुपारची डुलकी बंद. गादीवर पडून वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, विचार करत लोळायचं नाही; झोप येत नाही असं वाटलं की सरळ उठून खुर्चीत बसायचं, आणि डोळे जड झाले तरच परत जायचं. लघवी लागली की धावत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, खालचे स्नायू पाचसहा वेळा आवळायचे, घाई ओसरली की मग शांतपणे चालत जायचं. चारनंतर चहा नाही. सहानंतर पाणी कमी. “पण काकू, दिवसभरात नीट प्यायचं हं,” ती बोट नाचवत म्हणाली, “दिवसाचं पाणी तोडायचं नाहीये. आणि रात्री घसा सुकला तर दोन घोट घ्यायचे, काही होत नाही. तहानलेलं बिलकूल राहायचं नाही.” मी मान डोलावली. तहानलेलं राहायचं नाही, हा भाग माझ्या वाक्यात नव्हता.

“हिला रात्री उठायची जुनी सवय आहे हो,” शरच्चंद्र मध्येच म्हणाले. मला कळलं, आता त्यांचं नेहमीचं वाक्य येणार. “माझ्या वडिलांचं हिनं सगळं केलं. रात्रीबेरात्री उठून. पोटच्या मुलीनं केलं नसतं इतकं.” नूपुरने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. कुणीही पाहतं. हे वाक्य ते चाळीस वर्षं सांगत आले आहेत. लग्नाकार्यात, सौमित्रच्या सासरच्यांना, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी भेटणाऱ्या म्हाताऱ्यांना. एरवी हा माणूस कुणाचं कौतुक करणारा नाही. माझ्या हातच्या अळूवडीला ‘बरी झालीय’ याच्यापुढे शब्द नाही. पण वडिलांची गोष्ट निघाली की माझ्याविषयी बोलताना त्यांचा आवाज भरून येतो, आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत बसते. पहिली काही वर्षं मला त्या वाक्याची भीती वाटायची. पुढे त्याच्याशिवाय करमेना. आमच्या संसारात बाकी सगळं बेताचंच होतं, प्रेम म्हणावं असंही फार नव्हतं, पण या एका माणसाच्या मनात मी एक चांगली बाई आहे, एवढं मी धरून ठेवलं होतं. ते सुटलं तर माझ्यापाशी काय उरणार होतं, मला ठाऊक नाही.

गिरगावची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दीड खोली म्हणायची, अर्धी म्हणजे स्वयंपाकाची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्यात मिळून चार, आणि गॅलरीतला दिवा कायम गेलेला. अप्पा एकदा अंधारात तिथे घसरून पडले, कोपर फुटलं, आणि शरच्चंद्रांनी नियम केला की रात्री अप्पांनी एकट्याने जायचं नाही. नियम त्यांनी केला; पाळायची मी. मुलाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं ना, आणि सुनेला जणू सुट्टीच होती. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, ते भरायचं, तीन वर्षांच्या सौमित्रचं आवरायचं, डबे करायचे आणि साडेनऊला फोर्टात टेबलाशी हजर व्हायचं. अप्पा जुन्या वळणाचे. सुनेला नावाने हाक मारायची नाही, रात्री तर नाहीच, म्हणून ते दाराशी उभे राहून खाकरायचे. दोनदा. घरात शिरताना जसं मोठी माणसं खाकरतात तसं. मग मी उठायची, वरची कडी काढायची, टॉर्च घेऊन त्यांच्यामागून गॅलरीच्या टोकापर्यंत जायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. परत येताना ते दर वेळी हळूच म्हणायचे, “झोप हो आता.” तासा-दीड तासाने पुन्हा खाकरणं. रात्रीत तीन वेळा. मी तेव्हा तीस वर्षांची होते, या नूपुरएवढी, आणि मला झोप हवी होती. इतकी, की ऑफिसात फायलींच्या खोलीत उभ्या उभ्या मी कपाटाला डोकं टेकून झोपत असे.

एकदा नाक्यावरच्या डॉक्टरांकडून अप्पांच्या खोकल्याचं औषध घेऊन मी घरी आले. बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या उशाशी असलेला तांब्या उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. का, असं त्यांनी विचारायच्या आत ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नव्हे. पण निघाल्यावर मी ते परतही घेतलं नाही. अप्पा म्हणाले, “डॉक्टर म्हणतात तर बरोबरच असेल.” विषय संपला. जन्मभर ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत आले होते. हस्तलिखितात असेल ते जुळवायचं, आपली अक्कल चालवायची नाही, चूक दिसली तरी ती लिहिणाऱ्याची, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. माझी थाप त्यांनी तशीच जुळवली. रोज पावणेसहाला ते माठाशी येऊन बसायचे आणि भांडं भरून घाईघाईने प्यायचे, धोतरावर पाणी सांडायचं. सहानंतर कधी चुकूनही मागितलं नाही. जेवताना घास अडकला तर ताक दे म्हणायचे, आणि मग स्वतःच म्हणायचे, नको, ताकही पाणीच ते.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तो मे महिना होता. त्या दिवशी मी दमून आले होते, ऑफिसात बोलणी खाल्ली होती, सौमित्र किरकिर करत होता. अप्पा माठाशी आले, भांड्याला हात घातला आणि थांबले. त्यांना घड्याळ नीट दिसत नसे. “सहा वाजले का गं?” त्यांनी विचारलं. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होते. “वाजले,” मी म्हटलं. त्यांनी भांडं माठावर पालथं घातलं आणि भिंतीचा आधार घेत जागेवर जाऊन बसले. एवढंच झालं. आवाज नाही, भांडण नाही. त्या रात्रीही ते तीन वेळा खाकरले. पाणी तोडून काडीचा फरक पडला नव्हता, हे मला दिसत होतं, आणि तरी मी तांब्या परत ठेवला नाही. तोपर्यंत ते झोपेसाठी राहिलंच नव्हतं. मला राग होता आणि तो काढायला घरात एवढं एकच माणूस होतं, जे उलटून बोलत नव्हतं. पंधरा दिवसांनी अप्पांना ताप चढला, लघवीला जळजळ, मग बरळणं. इस्पितळात एका तरुण डॉक्टरने विचारलं, पाणी कमी पितात का. मी म्हटलं, त्यांच्या मनाप्रमाणे पितात. नवव्या दिवशी ते गेले. वय अठ्ठ्याहत्तर होतं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. पाण्यानेच गेले असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण नाही असंही मला म्हणता येत नाही.

नूपुरने मला एक वही दिली होती आणि खुणा केलेला प्लास्टिकचा मग. कधी झोपले, कधी उठले, लघवी किती झाली ते मोजून लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात, जाग कशाने आली. आठवडाभर मी ते इमानेइतबारे केलं. रात्री दोनला चष्मा लावून मगावरच्या खुणा वाचणारी म्हातारी आरशात पाहिली की मला स्वतःचीच कीव यायची. रकाने सगळे भरले. शेवटच्या रकान्यात मी एकदा ‘गाडीचा हॉर्न’ लिहिलं, एकदा ‘कुत्री’, बाकीच्या रात्री ‘लघवी’. खरं उत्तर तिथे लिहिण्यासारखं नव्हतं. मला खाकरण्याने जाग येते. भास म्हणावं तर भासही नव्हे; जाग आली की खोलीत आता कुणीतरी खाकरून गेलंय आणि दाराशी वाट पाहत उभं आहे, एवढं नक्की कळतं. मी पाय खाली सोडते, आणि मग, उठलेच आहे तर, जाऊन येते. शेजारच्या पलंगावर शरच्चंद्र भिंतीकडे तोंड करून गाढ पडलेले असतात. या माणसाची झोप मला आयुष्यभर टोचत आली आहे.

दुसऱ्या खेपेला मी एकटीच गेले. नूपुरने वही चाळली. “काकू, ही मजा बघा,” ती म्हणाली, “तुमची प्रत्येक वेळची लघवी अगदी थोडी आहे. एवढ्याने माणूस उठत नाही. लघवी तुम्हाला उठवत नाहीये. तुम्ही आधी जाग्या होता, आणि जाग्या आहात म्हणून जाता. मग तुम्हाला उठवतं कोण?” मी म्हटलं, रस्त्यावर आवाज फार. तिने ते लिहून घेतलं. मग तिने माझे पाय बघितले, घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. “छान. सूज नाही. काही जणांना असते,” ती म्हणाली, “दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसांना तर फार. पायात दिवसा पाणी साठतं आणि रात्री आडवं झालं की ते वर येतं, त्याचीच लघवी होते. त्यांनी सहानंतर पाणी नाही प्यायलं तरी रात्री उठावंच लागतं.” मी विचारलं, मग त्यांनी काय करायचं? माझा आवाज मलाच परका वाटला. “सोप्पंय,” ती म्हणाली, “दुपारी तासभर पडायचं, पायाखाली दोन उशा घेऊन. संध्याकाळच्या आत ते पाणी उतरून जातं. खूप जणांना फरक पडतो.”

इस्पितळातून निघाले ती परळहून दादरपर्यंत चालतच आले. रिक्षा इथे नाहीतच, टॅक्सीला हात करायचं सुचलं नाही. अप्पांचे पाय मला आठवत होते. पन्नास वर्षं छापखान्यात खिळ्यांचे खण ठेवलेल्या घोडीपुढे उभे राहिलेले पाय. संध्याकाळी त्यांच्या वहाणांच्या पट्ट्यांचे वळ घोट्याखाली बोटभर खोल उमटलेले असायचे, आणि सौमित्र त्या वळांत बोट घालून खेळायचा. मी ते रोज बघत होते. घरात पाच उशा होत्या. लग्नात माझ्या आईने कापूस निवडून भरून दिलेल्या त्यातल्या दोन तर पाहुण्यांसाठी म्हणून फळीवर नुसत्या पडून होत्या. मला हे ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नसेल, आणि ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही, असं मी प्लाझाच्या चौकापर्यंत स्वतःला समजावत राहिले. पण मी विचारलंसुद्धा नव्हतं. दहा मिनिटं नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन, आमचे सासरे रात्री फार उठतात हो, काय करू, एवढं विचारायचं होतं. त्याऐवजी मी त्यांच्या नावावर थाप मारली. सिग्नलला उभी असताना मला रडू आलं, आणि एका बाईने, आजी, रस्ता ओलांडून देऊ का, म्हणून माझा दंड धरला.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी पायाखाली दोन उशा घेऊन पडले. मला सूज नव्हती, नूपुरने मला हे सांगितलंही नव्हतं. ते कसं वाटतं, एवढंच मला बघायचं होतं. शरच्चंद्र खुर्चीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. निवृत्त झाल्यापासून एवढं एक काम ते न सांगता करतात. “हे काय नवीन?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पायांचं, पाण्याचं, उशांचं. आणि मग, थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते म्हणून, न थांबता पुढचंही सांगितलं. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. ते मीच रचलं. दहा मिनिटं आधीच मी सहा वाजले म्हटलं. हे सगळं मी छताकडे बघत बोलले. बोलताना मला एकच दिसत होतं, की आता हा माणूस यापुढे कुणालाही ते वाक्य सांगणार नाही. माझ्याकडे नुसतं बघेल, आणि त्या बघण्यात मी उरलेली वर्षं काढायची.

वाल सोलायचा आवाज थांबला होता.

“मला माहीत होतं,” शरच्चंद्र म्हणाले.

मी मान वळवली.

“घड्याळाचं नाही. पण पाण्याचं. सौमित्रला सर्दी झाली होती, मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो त्या महिन्यात. म्हटलं, अप्पांचं पाणी अजून किती दिवस बंद ठेवायचं? ते म्हणाले, मी कधी बंद केलं? उन्हाळ्याचे दिवस, भरपूर पाजा त्यांना.”

“मग बोलला का नाहीत?”

“घरी येईपर्यंत बोलणार होतो.” त्यांनी हातातला वाल वाडग्यात टाकला. “जिना चढताना वाटलं, बोललो तर तू म्हणशील, मग तुम्ही उठत जा रात्री.”

तेच म्हणाले असते मी. शब्दही तेच. माझ्या मनात राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ज्या एका माणसाच्या मनात मी चांगली होते, त्याच्या मनात मी कधीच चांगली नव्हते. एक दिवसही नाही. चाळीस वर्षं तो सगळं माहीत असून लोकांपुढे आवाज भरून येऊ देत होता, आणि मी भिंतीकडे बघत ते पोटभर खात होते.

“मग जगभर माझं कौतुक कशाला सांगत फिरलात?” मी ओरडलेच. “त्या कालपरवाच्या पोरीलासुद्धा! कशाला?”

ते माझ्याकडे बघत नव्हते. वाडगा मांडीवर घट्ट धरून, वयाची शहात्तर वर्षं झालेला तो माणूस शाळेत उभं केल्यासारखा बसला होता.

“अप्पांचं कुणीतरी केलं होतं, असं ऐकायचं असायचं मला,” ते म्हणाले. “दुसरं कुणी म्हणेना. म्हणून मीच म्हणत राहिलो.”